डोंगराचा आवाज

आधी आवाज गेला.
आग्वा राझाच्या वरच्या रानात
पहाटे बुजिओ माकडं घुमायची,
रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी ओरडावं तशी.
त्या आवाजावर इथल्या बायका चूल पेटवायच्या.
जानेवारीत एका सोमवारी
सगळ्याच घरांत कॉफी उशिरा झाली
आणि का, ते कुणाला सांगता येईना.

मग सापडली पहिली, ओढ्याकाठी.
तांबूस दाढी चिखलात, तळहात उघडा,
सुटे पैसे परत मागावेत तसा.
बुधवारी तीन.
शुक्रवारी आम्ही मोजणं सोडलं.

वर, शेंड्यांशी, जिथे ऊन आधी पोचतं,
तिथला निळसर डास
एकाचं दुखणं दुसऱ्याच्या रक्तात नेऊन ठेवत होता.
झाड तोडलं की तोही झाडाबरोबर खाली यायचा.
इतकं साधं.
पण जुरांदिरच्या पोराचे डोळे पिवळे झाले,
उलटी काळी झाली,
आणि नवव्या दिवशी त्याचे नवे बूट
कुणाला द्यायचे हा प्रश्न उरला,
तेव्हा माणसं काठ्या घेऊन रानात शिरली
उरलीसुरली माकडं हुडकायला.

चोर सोडून संन्याशाला सुळी.
संन्यासीच की ते: दाढीवाले, पाला खाणारे,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
स्वतः मरून ज्यांनी सांगावा धाडला
त्यांचीच आम्ही टाळकी फोडली.

मी नर्स. मला ओरडायला वेळ नव्हता.
शाळेच्या व्हरांड्यात बर्फाची पेटी उघडली.
कुपीत चिमूटभर पूड;
पाणी घातलं की तिचं आयुष्य सहा तास.
माझी घाई त्या सहा तासांची आहे, बाई,
तुझ्यावर राग नाही.

विचारा, म्हटलं. विचारलं त्यांनी.
यात जिवंत विषाणू असतो? असतो, दुबळा केलेला.
ताप येईल? येईल कदाचित, दंड दुखेल.
कुणी मेलंय का यानं?
इथे मी सुई खाली ठेवली.
हो, म्हटलं. लाखांत एखादा.
म्हातारपणी धोका जास्त, म्हणून तर
टोचण्याआधी इतकी चौकशी करते.
अंडं खाल्लं की अंगावर गांधी उठतात का?
पाळणा हलतोय का घरात, किती महिन्यांचा?
खोटं बोलले असते तर रांग लांब झाली असती
एका दिवसापुरती.

अवेलिनो बाही वर करूनच आले.
वय त्र्याहत्तर, पोळी उतरवून मध विकणारे,
रान ज्यांच्या तळपायांना पाठ.
छातीवर मधोमध पांढरा व्रण.
वीस वर्षांमागे शहरात एक गाठ काढली म्हणाले,
गळ्याखालची कुठलीशी ग्रंथी.
मी त्यांची बाही खाली ओढली.
तुम्हाला नाही देता येणार.

हसले. बरं, सगळ्यांनी घेतली की
त्यांच्या आडोशानं मी वाचेन.
हे उत्तर देणं सगळ्यांत जड गेलं.
नाही, सेन्योर अवेलिनो.
हा ताप माणसाकडून नाही, रानातून येतोय.
शेजाऱ्याचा दंड तुमच्या आड येणार नाही.
लांब बाह्या घाला, मलम लावा, जाळीत निजा,
आणि वर जाऊ नका.
किती दिवस?
मला माहीत नाही.

त्यांनी बाहीचं बटण लावलं.
एक. मग, थरथरत, दुसरं.

आता पहाटे ते कुंपणाशी खुर्ची टाकून बसतात,
डोंगराकडे कान लावून.
काम मीच दिलंय: ऐका, आणि मेलेलं दिसलं
तर हात न लावता मला कळवा.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली.
फेब्रुवारीभर फुल्या.
सत्तावीस मार्चला फुली नव्हती.

ऐकलंत? मी धावत गेले.
मान हलवली त्यांनी.
एकच आहे, म्हणाले,
थांबून थांबून ओरडतोय.
मधल्या थांबण्यात तो काय ऐकत असेल
ते मला आता कळतं.